सी६ वरचा घोडा

आईच्या लोखंडी पेटीतून या दिवाळीच्या साफसफाईत बाकी काही मोलाचं निघालं नाही. दोन पितळी चमचे, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, माझी दहावीची गुणपत्रिका आणि त्या गुणपत्रिकेत घडी घालून ठेवलेला दोनशेपानी वहीचा एक कागद. त्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेल्या सात ओळी. सातव्या ओळीच्या शेवटी ‘मात’, पुढे तीन उद्गारचिन्हं आणि खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा.

तो कागद मी लगेच ओळखला. वर्ध्याच्या आमच्या ओट्यावर, दहावीच्या सुट्टीत, शेजारच्या गार्डकाकांना मी सात चालींत हरवलं होतं, त्या डावाची ही नोंद. काका रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. (आता या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. २०२२ साली नाव बदललं, तोवर काका निवृत्त होऊन कैक वर्षं लोटली होती.) आमच्या गल्लीत त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला मोठी माणसंही कचरत. त्यांना मी हरवलं, तेही वजीर मारू देऊन! पस्तीसेक वर्षं ही गोष्ट मी सांगत आलो. कॉलेजात सांगितली, नोकरीत सांगितली, बायकोला लग्नाआधी सांगितली. मुलाला तर इतक्या वेळा की तो आता पुढचं वाक्य आधीच म्हणतो.

ज्यांना पटाची भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्यांना ए ते एच अशी अक्षरं, आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे आडव्या ओळींना १ ते ८ आकडे. म्हणजे ई४ हे राजासमोरच्या पट्टीतलं चौथं घर. कागदावर मात्र ही भाषा नव्हती. मी शिकलो ते एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून, त्यात पी-के-फोर अशी जुनी पद्धत होती. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती पद्धत १९८१ सालीच मोडीत काढली होती, पण वर्ध्याला आमच्या ओट्यावर ते कोण सांगणार? मी तिचंही मराठी करून ‘प्या-रा४’ असं लिहिलं होतं. आजच्या लिपीत उतरवायला एक संध्याकाळ गेली. डाव असा:

१. ई४ ई५
२. घो-एफ३ घो-सी६
३. उं-सी४ डी६
४. घो-सी३ उं-जी४
५. घो×ई५ उं×डी१
६. उं×एफ७ शह, रा-ई७
७. घो-डी५ मात!!!

मी पट मांडला. घरात मुलाचा नवा लाकडी पट आहे, पण मला तो नको होता. माळ्यावरून जुना प्लॅस्टिकचा काढला. त्यातला एक काळा हत्ती पूर्वीच हरवलेला आहे, त्याच्या जागी शाईच्या बाटलीचं झाकण उभं राहतं. चार चालींनंतर थांबलो. काळ्याचा उंट जी४ वर येऊन माझ्या एफ३ वरच्या घोड्याच्या छाताडावर बसलेला आहे. घोडा हलला तर मागचा वजीर उघडा पडतो. बांधलेला घोडा. काका म्हणायचे, “बांधला की जनावर हलत नाई.” आणि मी तोच घोडा हलवला, ई५ वरचं प्यादं खाल्लं. काकांनी झडप घालून माझा वजीर उचलला. मग उंट एफ७ वर शह देतो, राजाला जायला फक्त ई७ हे घर, तिथे तो गेला की दुसरा घोडा डी५ वर येतो आणि संपलं. दोन घोडे आणि एक उंट, तिघांत मिळून राजाचं एकेक घर बंद. डी७ पहिल्या घोड्याने, एफ६ दुसऱ्याने, ई६ आणि ई८ उंटाने. आणि उरलेली घरं राजाच्याच माणसांनी अडवलेली: वजीर डी८ वर, उंट एफ८ वर, प्यादं डी६ वर. इतकी सुबक मात की हाताला सोंगट्या सोडवेनात.

मुलगा मागे उभा होता. म्हणाला, “बाबा, इंजिनला दाखवू?” आणि उत्तराची वाट न पाहता त्याने चाली फोनमधल्या बुद्धिबळाच्या इंजिनात भरल्या.

पटाशेजारी जी उभी पट्टी असते, पांढऱ्याचं किती आणि काळ्याचं किती हे दाखवणारी, ती पहिल्या चार चालींत मध्याच्या थोडी वर होती. पांढरा बरा. पाचव्या चालीला, माझ्या त्या घो×ई५ ला, ती खाली कोसळली. चालीपुढे दोन प्रश्नचिन्हं आली. मला वाटलं त्याने चाल चुकीची भरली. नव्हती भरली. काकांनी वजीर मारल्यावर पट्टी उसळून पूर्ण पांढरी झाली, पण ती त्यांची चूक होती. माझ्या चालीचं खरं उत्तर यंत्राने एका क्षणात दाखवलं: सी६ वरच्या घोड्याने माझा ई५ वरचा घोडा खायचा. बस. ई५ वर आलेला तो घोडा जी४ वरच्या आपल्या उंटालाही जोर देतो, म्हणजे मी वजिराने उंट खाल्ला तर घोडा वजीर खाणार. वर तो माझ्या सी४ वरच्या उंटावरही डोळा ठेवून बसतो. एक प्यादं मिळवून मी एक घोडा घालवलेला. मात नाही, हल्ला नाही, काही नाही.

पस्तीस वर्षं मिरवलेला विजय ही मुळात घोडचूक होती, आणि तो शब्द इथे किती नेमका बसतो हे त्या क्षणी सुचलं तरी हसू आलं नाही.

मग मी तो डाव सोडला नाही. पंधरा दिवस रोज रात्री जेवणानंतर तेवढ्या सात चाली घेऊन बसत होतो. घरच्यांना हे खूळ वाटलं. वाटू दे. जगज्जेत्यांचे डाव आपण पाहतो, त्यांवर पुस्तकं आहेत, तासतासभराचे व्हिडिओ आहेत. आपल्यासारख्या हौशी माणसाचा डाव मात्र आपण स्वतः पाहिला नाही तर कोणीच पाहणार नाही. आणि त्यात जी चूक आहे ती आपलीच, दुसऱ्या कोणाची उसनी नाही.

पहिला प्रश्न हा की ही चाल मला सुचली कुठून? सुचली नव्हती, ढापली होती. त्या इंग्रजी पुस्तकात एक आकृती होती, तिचं नाव लेगालची मात. लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, काफे द ला रेजांस या कॉफीघरात बसायचा, आणि पुढे थोर ठरलेल्या फिलिडोरचा तो गुरू. त्याचा सें-ब्री नावाच्या माणसाशी झालेला हा डाव १७५० सालचा म्हणून सांगतात. गंमत अशी की तो वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळ्या चालींनी छापलेला आहे. बहुतेक ठिकाणी काळ्याने सी६ वर घोडा काढण्याऐवजी चौथ्या चालीला जी६ असं प्यादं एक घर सरकवलेलं असतं. तसं असेल तर सी६ वर घोडा नाही, ई५ वरचा घोडा खाऊन जी४ वरचा उंटही वाचवणारा कोणी नाही, आणि युक्ती निर्दोष आहे. माझ्या पुस्तकातही तसंच असणार. मी आकृती पाठ केली. त्या आकृतीत काय नाही हे मी पाहिलं नाही. ओट्यावर पट जवळजवळ तसाच जुळून आला आणि त्या ‘जवळजवळ’ने घात केला. म्हणजे करायला हवा होता.

दुसरा प्रश्न: मग योग्य काय होतं? हे शोधताना फोन मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला. यंत्र काय ते सांगतं, का ते सांगत नाही. तिसऱ्या रात्री उत्तर सापडलं आणि ते इतकं साधं निघालं की लाज वाटली. आधी एच३. कडेचं प्यादं, एक घर. उंटाला विचारायचं, बाबा, घोडा खातोस की मागे जातोस? तो एच५ वर मागे हटला तर आता घो×ई५ खणखणीत आहे. कारण काळ्याने सी६ वरच्या घोड्याने माझा घोडा खाल्ला, तर माझा वजीर एच५ वरचा उंट खातो आणि तिथे त्या उंटाला कोणाचा जोर नाही. काळा म्हणेल, ठीक, मग मी सी४ वरचा तुझा उंट खातो. खाऊ दे. वजीर एच५ वरून सरळ आडवा बी५ वर येतो, राजाला शह, आणि त्याच दमात सी४ वरच्या घोड्यावर हल्ला. घोडा जातो. हिशेब केला की पांढऱ्याचं एक प्यादं वर. आणि लोभाने वजीर खाल्लाच, तर तीच सातव्या चालीची मात आठव्या चालीला. चूक आणि चमत्कार यांच्यात कडेच्या एका प्याद्याचं एक घर एवढंच अंतर.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत जास्त खिळवून बसला. काकांनी तिसऱ्या चालीला डी६ का खेळलं?

घोडा, मग उंट सी४ वर, हे इटालियन ओपनिंग. सतराव्या शतकात ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांत त्याचे खळबळजनक डाव आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत अव्वल ग्रँडमास्टर पुन्हा त्याकडे वळले आहेत. काळ्याची नेहमीची उत्तरं दोन, उंट सी५ वर किंवा घोडा एफ६ वर. डी६ खेळलं तर पुस्तकात त्याला अर्ध-इटालियन म्हणतात, जरा दबून खेळलेली चाल. वाईट नाही, पण आपलाच उंट कोंडणारी. काका दबून खेळणारे नव्हते. मग डी६ का?

कारण काका देशी पद्धतीने शिकले होते. त्यांचं गाव आर्वी तालुक्यात, पुलगाव–आर्वी या नॅरो गेजच्या छोट्या गाडीच्या वाटेवरचं. वडिलांनी पारावर शिकवलं ते आपलं जुनं बुद्धिबळ. त्यात प्यादं एकच घर चालतं. राजासमोरचं प्यादं दोन घरं सोडायची सवलत काका घेत, पण बाकी प्यादी एकेक पाऊल. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं पलीकडे पोचलं की मनात येईल तो वजीर होत नाही, ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं तोच मोहरा. आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’ चित्रपटात मुन्शी नंदलाल लखनौच्या दोन बुद्धिबळवेड्या जहागीरदारांना साहेबी खेळ समजावून सांगतो, वजिरासमोर वजीर, प्यादं एकदम दोन घरं. तो प्रसंग पाहताना मला काकाच आठवतात. पुढे भुसावळ, बडनेरा, बल्लारशाच्या रनिंग रूममध्ये गाडीची वाट पाहत बसलेल्या रेल्वेवाल्यांकडून ते नवे नियम शिकले. डोक्याने शिकले, पण हात जुनाच राहिला. हात एक घर सरकवायचा.

आणि इथे मला कलकत्त्याचा महेशचंद्र बॅनर्जी भेटला.

हा बंगाली ब्राह्मण खेडेगावात देशी खेळ खेळायचा. मोठ्ठा खेळाडू म्हणून गावात नाव होतं, म्हणून कलकत्त्याच्या क्लबातल्या साहेबांनी त्याला शहरात आणलं. तिथे जॉन कॉक्रेन हा बॅरिस्टर होता, त्या काळातला खरोखरीचा तगडा खेळाडू. १८४८ पासून पुढची बारा-एक वर्षं हे दोघे शेकड्यांनी डाव खेळले, आणि त्यांतले कितीतरी लिहून ठेवले गेले, लंडनच्या मासिकांत छापले गेले. दोघांची तऱ्हा वेगळी. एक वकिली करायचा, दुसरा साहेबांच्या हौसेवर आलेला. आज जगभरच्या डेटाबेसमध्ये हे डाव आहेत ते कोणीतरी प्रत्येक चाल कागदावर उतरवली म्हणून.

महेशचंद्राने साहेबी नियम उचलले, पण प्यादी एकेक घरच सरकवत राहिला. डी६, जी६, मग जी७ वर उंट कोपऱ्यातून लांबवर नेम धरून बसलेला. युरोपात तेव्हा पटाच्या मध्यात प्यादी दामटण्याची चाल होती. याने मध्य साहेबाला देऊन टाकला आणि लांबून पोखरला. युरोपियनांना हे अडाणी वाटलं असणार. मे १८५५ मधल्या एका डावाची सुरुवात पाहा: डी४ घो-एफ६, सी४ जी६, घो-सी३ डी५. आज याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात, कारण अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या व्हिएन्नाच्या ग्रँडमास्टरने तो १९२२ साली स्पर्धांत आणला. कास्पारॉव्हने तो जगज्जेतेपदाच्या सामन्यांत खेळला. पण पहिला नोंदलेला डाव सापडतो तो सदुसष्ट वर्षं आधीचा, कलकत्त्याचा, आणि काळ्या सोंगट्या एका खेड्यातून आलेल्या माणसाच्या. जगात ज्यांना ‘इंडियन’ बचाव म्हणतात त्या घराण्याचं नाव मुळात या हातावरून आलं.

तो डाव मी पूर्ण मांडला. चांगला चालला होता. सतराव्या चालीपर्यंत काळा बरोबरीने झुंजत होता. पांढऱ्याचा घोडा जी५ वर आला, महेशचंद्राने ई२ वरचा उंट खाल्ला, आणि कॉक्रेनने घोड्याने एफ७ वरचं प्यादं खाल्लं. बी३ वरून पांढऱ्याचा वजीर त्या घोड्याच्या आडून थेट राजाकडे तिरका रोखलेला. महेशचंद्राने काय केलं? घोडा ए५ वर नेऊन त्या वजिरावर हल्ला केला. मग: घोडा एच६ वर, दुहेरी शह. राजा कोपऱ्यात एच८ वर. वजीर जी८ वर, फुकटचा, शह! हत्तीने वजीर खाल्ला. आणि घोडा पुन्हा एफ७ वर, मात. राजा आपल्याच माणसांत गुदमरून मेला. तो कोपऱ्याऐवजी एफ८ वर गेला असता तरी वजिराने एफ७ वर मात होतीच.

मी थांबलो. कलकत्त्यात १८५५ साली आणि वर्ध्याच्या ओट्यावर, देशी हाताने शिकलेली दोन माणसं समोरच्या वजिरावर नजर लावून हरली. हा योगायोग आहे, यातून काही सिद्ध होत नाही. पण तो कागद गुणपत्रिकेत घडी घालून ठेवल्याबद्दल मी त्या दहावीतल्या मुलाला पहिल्यांदा मनापासून शाबासकी दिली.

आपल्याकडे खेळ लिहून ठेवायची सवय उशिरा आली, असं मला वाटतं. खेळाबद्दल लिहिलं गेलं नाही असं नव्हे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक मूळ संस्कृतातून इंग्रजीत होऊन छापलं गेलं, तेही देशी खेळ युरोपियन रीतीला जुळवून घेऊन. पण ते मुख्यतः डावातल्या कठीण अवस्थांचं आहे: इथून पांढऱ्याने इतक्या चालींत मात करून दाखवा. कूटप्रश्न. आपल्या पारांवर तेच चाले. शेवट कसा मारायचा याचं कौतुक फार, सुरुवात कशी केली हे कोण विचारतो? सुरुवात म्हणजे हात मोकळा करणं.

आता ते दिवस गेले. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने तासा-दीड तासाचं, आणि नागपुरात काय चाललं आहे ते सगळ्या देशाने २०२५ च्या जुलैत पाहिलं. जॉर्जियातल्या बाटुमीला दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत निकाल लागला. वय एकोणीस, आणि त्या विजयासरशी ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हेही नागपूरचेच ग्रँडमास्टर. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रात मराठी बुद्धिबळ म्हणजे खाडिलकर भगिनी, मग भाग्यश्री साठे आणि प्रवीण ठिपसे. सगळं विदर्भाबाहेरचं. विदर्भात ग्रँडमास्टर होईल हे कोणी म्हटलं असतं तर काकांनी त्याला गाडीतून उतरवलं असतं.

दिव्याचा डाव संपायच्या आत त्यावर जगभर हजारो लोकांची टिप्पणी सुरू झालेली असते. हे चांगलंच आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. माझा मुलगा दिवसाला वीस डाव फोनवर खेळतो, तीन-तीन मिनिटांचे. प्रत्येक डाव यंत्र जपून ठेवतं, एकही चाल हरवत नाही. तो त्यांतला एकही पुन्हा पाहत नाही. आमच्याकडे कागद होता एक आणि तो पस्तीस वर्षं टिकला. त्याच्याकडे हजारो डाव आहेत आणि मागच्या मंगळवारचा त्याला आठवत नाही. मी बोलून दाखवलं तर म्हणाला, “तुम्ही तरी कुठे पाहिला होता?” बरोबर आहे. गप्प बसलो.

माक्स यूवं हा डच गणित-शिक्षक १९३५ साली आल्येखिनला हरवून जगज्जेता झाला. त्याने वॉल्टर मेडन या अमेरिकन प्राध्यापकाबरोबर एक पुस्तक लिहिलं, त्यात सगळे डाव एका उस्तादाचे आणि एका हौशी खेळाडूचे. उस्तादांचे आपसातले डाव नव्हेत. कारण उस्ताद एकमेकांच्या चुकांना शिक्षा करायची वेळच येऊ देत नाहीत, मग शिकणाऱ्याला त्या चुका दिसणार कुठे? मॉर्फीचा १८५८ सालचा पॅरिसच्या नाट्यगृहातला सतरा चालींचा डाव जगातला बहुधा सर्वांत जास्त मांडला गेलेला डाव असेल. पण त्यातही पटाच्या पलीकडे दोन हौशी माणसं होती, एक ड्यूक आणि एक काउंट, आपसात मसलत करून खेळणारी. आणि त्यांची पहिली चूक कोणती? तिसऱ्या चालीला उंट जी४ वर. घोडा बांधायला. दरबारी असो की रेल्वेचा, जी४ वर उंट नेऊन बसण्याचा मोह सगळ्यांना सारखा.

डाव पुन्हा पाहायची माझी रीत आता अशी झाली आहे. चालींवर कागदाची पट्टी ठेवायची, एक चाल उघडायची, पुढची आपण ठरवायची, मग पट्टी खाली सरकवायची. जिथे आपली चाल आणि झालेली चाल वेगळी, तिथे थांबायचं. आणि जिंकलेल्या डावात जास्त थांबायचं, कारण हरलेला डाव स्वतःच ओरडून सांगतो, जिंकलेला तोंड शिवून बसतो.

एक काम राहिलं होतं. काकांना दाखवायचं.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. अजून वर्ध्यातच, त्याच घरात. मी गोरसपाकाचा पुडा घेऊन गेलो. वर्ध्याच्या माणसाकडे वर्ध्याचाच गोरसपाक घेऊन जाणं म्हणजे जरा अतीच, पण रिकाम्या हाताने कसं जाणार? काकूंनी चहा ठेवला. मी पट मांडला, झाकणाचा हत्ती त्याच्या घरात उभा केला, आणि सगळी हकीकत सांगितली. वजीर, मात, पस्तीस वर्षं.

काका ऐकत होते. मग म्हणाले, “मी हरलो होतो? तुयाकडून?”

“हो काका.”

“लिहून हाय काय?”

कागद दिला. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला. माझी ‘प्या-रा४’ लिपी त्यांना लागेना, म्हणून मी चाली बोलत गेलो आणि ते सोंगट्या हलवत गेले. पाचव्या चालीला मी ई५ वरचं प्यादं खाल्लं. त्यांचा हात वजिराकडे गेला नाही. पटावर वरच्या वर थांबला. पाच सेकंद झाले असतील नसतील. मग त्यांनी सी६ वरच्या काळ्या घोड्यावर बोट ठेवलं.

“हा घोडा काय झोपला होता काय बे?”

मला पंधरा रात्री आणि एक यंत्र लागलं होतं.

“मले आठोत नाई हा डाव,” काका म्हणाले. “तू रडला होता थो आठोते. साठ चालीचा. प्याद्यानं मात केली होती मी.” काकू आतून म्हणाल्या, “हो, जेवला नव्हता त्या दिवशी.” त्या डावाचा कागद माझ्याकडे नाही. हरलेला होता ना.

चहा झाला. काकांनी सोंगट्या चौथ्या चालीवर परत लावल्या, उंट जी४ वर, आणि म्हणाले, “चाल. आता काय करतं?” मी एच३ खेळलो. एक घर. काकांनी माझ्याकडे पाहिलं, प्याद्याकडे पाहिलं. “हे तू कुठं शिकला?” मी काही बोललो नाही. मला हवं होतं की उंट एच५ वर मागे जावा. पंधरा दिवस मी त्याचीच तयारी केली होती.

त्यांनी उंटाने घोडा खाल्ला. मी वजिराने उंट खाल्ला, एफ७ वर मात लागलेलीच होती, पण त्यांचा दुसरा घोडा शांतपणे एफ६ वर आला आणि दार लागलं. मग एकेक घर. जी६. उंट जी७ वर. किल्लेकोट, कारण नवे नियम त्यांना येतात. मग पुन्हा प्यादी, एकेक घर. बाहेर अंधार पडला तसा काकूंनी दिवा लावला.

त्रेचाळिसाव्या चालीला मी राजा आडवा केला. हा कागद मी नीट ठेवला आहे, आजच्या लिपीत लिहिलेला, खाली काकांची सही घेऊन.